दोन वाटे

संमतीपत्र मी मोठ्याने वाचलं, नियम आहे तसा.
सहाव्या कलमात होतं:
'कोणतंही कारण न देता, केव्हाही,
आपण या अभ्यासातून बाहेर पडू शकता.'
द्वारका जुवाटकर, वय एकाहत्तर,
पडवीतल्या खाटेवर कुशीवरूनच हसली.
"मगे? तांच तर चल्ललां हा माजां."
आणि अंगठा पुढे केला.
शाई तिने आपल्याच पदराला पुसली.

देवबाग. एसटी सोडते तिथून अजून चालायचं,
उजव्या हाताला समुद्र, डाव्याला खाडी,
मध्ये माड आणि इतकी कमी जमीन
की घर विचारलं तर लोक आधी विचारतात,
कुठल्या पाण्याकडचं?

प्रश्न पहिला. वेदना, शून्य ते दहा.
शून्य म्हणजे मुळीच नाही,
दहा म्हणजे कल्पनेपलीकडची.
तिने आकड्यांची पट्टी घेतली, उलटी केली, परत दिली.
चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात बसली होती,
वजनावर कधी मासा विकला नव्हता.
"आज दोन वाटे आसत," म्हणाली.
"काल आख्खी पाटी होती."
वाटा म्हणजे किती, मी विचारलं.
"तां गिऱ्हाइकावर आसता."

मी लिहिलं: दोन वाटे.
पुण्याहून सरांचा शेरा आला लाल शाईत,
माप प्रमाणित नाही, आकडा हवा.
बरोबर आहे त्यांचं.
साठ जणांच्या दुखण्यात मिसळून
दोन वाट्यांची सरासरी निघत नाही.

सून रसिका. नवरा गोव्याला ट्रॉलरवर.
काळजी घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळे बावीस प्रश्न.
रात्री सलग झोप किती तास?
ती झाकणात मॉर्फिन ओतत होती,
झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून,
रॉकेलच्या मापाकडे बघावं तसं.
बाटली ओरोसहून येते. गेल्या महिन्यात
कुणाची तरी सही राहिली, अकरा दिवस आली नाही.
त्या अकरा दिवसांचा प्रश्न बाविसात नव्हता.
का नाही, हे रसिकाने मला विचारलं नाही.
तिने झाकण विसळलं
आणि ते पाणीसुद्धा सासूला पाजलं.

प्रश्न एकोणिसावा. शेवट कुठे यावा असं वाटतं?
घर, इस्पितळ, संस्था, सांगता येत नाही.
मी 'घर'वर खूण करणार होते. म्हातारी म्हणाली, थांब.
"घर म्हंजे खय? वळयेत नको. हयच.
हयसून भरती कळता."
पर्यायांपुढे जागा होती, अर्ध्या बोटाची.
त्यात 'पडवी' कसंबसं मावलं. भरती मावली नाही.

चौथ्या भेटीला खाट भिंतीला उभी होती,
सुंभ अजून ओलं.
मी चप्पल न काढताच परतले,
रसिका विहिरीवर होती, तिला हाक मारायचं धाडस झालं नाही.
संगणकात यासाठी एक खूण आहे: पाठपुरावा खंडित.
खाली कारण निवडायचं असतं.
स्थलांतर आहे, नकार आहे, फोन लागत नाही, तेही आहे.
'कारण न देता' शोधत मी यादी
दोनदा खालपर्यंत नेली.

परिशिष्ट तीनमध्ये सरांनी अखेर एक ओळ राहू दिली:
'वाटा – स्थानिक माप. नक्की नाही.'

डिसेंबरात बाजारात रसिका दिसली,
त्याच जागेवर, त्याच पाटीमागे.
बांगड्यांचा एक वाटा मागितला.
आठ होते. मोजायची सवय लागली आहे मला.
पिशवीत भरताना तिने वर एक टाकला,
माझ्याकडे न बघता,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक दिली.

कुडाळपर्यंत पिशवी गळत राहिली.
फॉर्म भिजू नयेत म्हणून
मी फाइल छातीशी धरून बसले.